दोन गुण द्यायचे की नाहीत? कर्तव्यनीती आणि परिणामवाद, शेजारी शेजारी

काही वर्षांपूर्वी गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका माझ्या हातात बराच वेळ राहिली. उत्तीर्ण व्हायला दोन गुण कमी पडत होते. सगळी पानं पुन्हा चाळली. एका गणितातली एक पायरी ओढूनताणून अर्ध्या गुणाची ठरली असती, बाकीचा दीड कुठूनच निघत नव्हता. नावाच्या जागी फक्त क्रमांक होता, पण अक्षर मी ओळखलं. त्या मुलाच्या घरचं मला ठाऊक होतं. वर्ष गेलं तर त्याचं शिक्षण सुटेल, हेही ठाऊक होतं. दोन गुण वाढवले तर एक मुलगा मार्गी लागेल आणि कुणाचं काही वाकडं होणार नाही, असा हिशेब मनात तयार झाला. लाल पेन कागदाला टेकलंही होतं. तेवढ्यात गठ्ठ्यातल्या बाकीच्या मुलांचा विचार आला, ज्यांचं अक्षर मला ओळखता येत नव्हतं. पेन बाजूला ठेवलं.

मी गुण दिले नाहीत. तो नापास झाला आणि पुढच्या वर्षी वर्गात दिसला नाही.

मी बरोबर वागले का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आणि तो एकट्या शिक्षकांचा नाही. रुग्णाला खरं सांगावं का हे ठरवणारा डॉक्टर, ओळखीच्या माणसाची फाइल समोर आलेला अधिकारी, सहकाऱ्याची चूक वर कळवावी का या पेचातला कर्मचारी, संस्थेची नियमावली लिहायला बसलेली समिती, हे सगळे याच ठिकाणी येऊन अडतात. एक विचार, कर्तव्यनीती, सांगतो, काही गोष्टी करायच्याच नाहीत, त्यातून भलं निघत असलं तरी. दुसरा, परिणामवाद, सांगतो, कुणाचं किती भलं झालं आणि किती वाईट, एवढंच पाहायचं. यातला कोणता धरायचा हे ठरवायचं असेल, तर दोघांची ताकद आणि दोघांची दुखरी जागा एकाच वेळी समोर हवी. माझा कल कर्तव्याकडे आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते धरून चालता येईल.

दोघांचं म्हणणं

कर्तव्यनीतीची सगळ्यात बांधेसूद मांडणी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटची. त्याने १७८५ साली नीतीच्या पायाबद्दल एक लहानसं पुस्तक लिहिलं. कृतीचं नैतिक मोल तिच्या फळात नसतं, ती ज्या संकल्पातून येते त्यात असतं, हा त्याचा मुख्य मुद्दा. नवख्या गिऱ्हाइकालाही वाजवी भाव सांगणारा दुकानदार धंदा टिकावा म्हणून तसं करत असेल, तर त्याचं वागणं योग्य आहे, पण त्यात नैतिक मोल नाही. उद्या फसवण्यात फायदा दिसला की तो फसवेल.

मग कर्तव्य ओळखायचं कसं? कांटने एकाच आज्ञेची, जिला तो ‘निरपेक्ष आज्ञा’ म्हणतो, वेगवेगळी रूपं दिली. त्यातली दोन रोजच्या उपयोगाची आहेत. पहिलं असं, की ज्या तत्त्वावर तुम्ही वागताय ते सगळ्यांनी पाळावं असं तुम्हाला म्हणता येतं का ते पाहा. परत करायचा विचार नसताना ‘नक्की परत करतो’ म्हणून कर्ज घेणाऱ्याचं उदाहरण त्याने दिलं. प्रत्येक गरजू माणूस असं वागू लागला तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मग खोटं वचन देऊन पैसे काढणंही जमणार नाही. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला इतरांचं खरेपण हवं असतं, फक्त स्वतःसाठी सवलत हवी असते. दुसरं रूप असं, की माणसाला, मग तो दुसरा असो की तुम्ही स्वतः, केवळ साधन म्हणून कधीच वापरू नका. यातला ‘केवळ’ महत्त्वाचा. आपण सगळेच एकमेकांचा उपयोग करून घेतो. समोरच्याची संमती, त्याचं स्वतः ठरवणं, हे वगळून केलेला उपयोग मात्र निषिद्ध.

मराठीत ‘कर्तव्य’ म्हटलं की कानात आधी गीता वाजते, म्हणून इथे थोडं थांबते. फळावर नजर ठेवून कर्माची किंमत करू नये, इथपर्यंत दोघांचं जुळतं. पण गीतेतलं कर्तव्य स्वधर्माला बांधलेलं आहे, एकाचं दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. कांटचं कर्तव्य विचार करू शकणाऱ्या प्रत्येकाला सारखंच बांधतं, जन्म कुठलाही असो, पद कुठलंही असो. ‘मला नेमून दिलेलं काम’ हा अर्थ मनात ठेवून कांट वाचला तर तो उलटाच कळतो. या गैरसमजाने किती मोठं नुकसान होऊ शकतं ते पुढे येईलच.

परिणामवादाची ओळख करून द्यायला कमी शब्द पुरतात. जेरेमी बेंथॅमने १७८९ मध्ये आणि जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये, या दोन इंग्रज विचारवंतांनी मांडलेला उपयुक्ततावाद हे त्याचं सगळ्यात परिचित रूप. समोर जे पर्याय आहेत त्यांतून ज्याने एकूण सुख सर्वाधिक वाढेल किंवा दुःख सर्वाधिक घटेल तो निवडा, आणि मोजताना प्रत्येकाला एक धरा, राजालाही एकच. सोपं वाटतं. मोजायला बसलं की अवघड होतं.

कर्तव्यनीती कुठे भक्कम उभी राहते

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी भागात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने एक अभ्यास चालवला. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते, त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. उपचार न केलेला सिफिलिस शरीरात कसकसा पसरतो, हे पाहायचं होतं. त्या माणसांना मात्र ‘तुमचं रक्त बिघडलंय, त्यावर उपचार चालू आहेत’ असं सांगण्यात आलं. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हाती आलं, तरी ते त्यांना दिलं गेलं नाही. चाळीस वर्षं.

यावर परिणामवादी म्हणेल, आमच्या मोजणीतही हे चूकच ठरतं. दुःख अफाट, मिळालेलं ज्ञान तुटपुंजं. आणि ते खरंच आहे. पण अभ्यास चालवणाऱ्यांना आतून काय वाटत होतं, ते पाहायला हवं. पुढच्या हजारो रुग्णांना उपयोग होईल असं ज्ञान आपण मिळवतोय, अशी समजूत घालून घेणं त्यांना सोपं होतं. मोजणी करणारा जर त्या मोजणीत गुंतलेला असेल, तर आकडे त्याला हवे तसे वळतात. कर्तव्यनीतीचा प्रश्न आकड्यांपाशी पोचण्याआधीच येतो: या माणसांना खरं सांगून विचारलंत का? त्याचं उत्तर ‘नाही’ आहे, आणि काम तिथेच थांबायला हवं होतं. हे शोधायला चाळीस वर्षांचे निष्कर्ष लागत नाहीत. न्युरेंबर्गमधल्या नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली वैद्यकीय प्रयोगांसाठी जी दहा तत्त्वं मांडली गेली, त्यात पहिलंच स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं आहे.

दुसरं उदाहरण न्यायालयातलं. अपहरण झालेलं प्रवासी विमान शस्त्र म्हणून वापरलं जाणार असेल तर ते पाडण्याची परवानगी देणारं कलम जर्मनीच्या हवाई सुरक्षा कायद्यात घालण्यात आलं होतं. हिशेब कुणालाही पटेल असा होता: विमानातले प्रवासी तसेही मरणार, निदान जमिनीवरचे हजारो वाचतील. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १५ फेब्रुवारी २००६ रोजी ते कलम रद्द केलं. विमानातल्या निरपराध माणसांना इतरांच्या बचावाचं साधन बनवणं हा त्यांच्या मानवी प्रतिष्ठेचा भंग आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यांचं मरण अटळ मानून त्यांना वस्तूसारखं वागवण्याचा अधिकार राज्याला नाही. न्यायालयाने आणखी एक व्यवहारी गोष्टही सांगितली: अशा वेळी विमानात खरोखर काय चाललंय याची खात्रीशीर माहिती जमिनीवरच्यांकडे सहसा नसते.

हा निकाल अनेकांना अमानुष वाटतो. मलाही पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटला होता. पण ‘तू तसाही मरणारच आहेस’ हे वाक्य एकदा कायद्यात शिरलं की ते पुढे कुणाकुणाला उद्देशून म्हणता येईल, याचा विचार करत गेले तेव्हा त्या न्यायाधीशांना कशाची भीती वाटली असेल ते उमगलं.

कर्तव्यनीतीचा तिसरा गुण नशिबाशी जोडलेला आहे. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या समोर मूल आलं, दुसऱ्याच्या नाही. फक्त परिणाम मोजले तर पहिला राक्षस आणि दुसरा सज्जन. संकल्प पाहिला तर दोघांची चूक एकच. शिवाय विश्वासाचाही मुद्दा आहे. तुम्ही दिलेला शब्द रोज नव्याने फायदा-तोटा मोजून पाळणार असाल, तर त्या शब्दावर विसंबून कुणीच काही उभं करू शकत नाही.

आणि ती कुठे अडते

कांटवर घेतला जाणारा सगळ्यात प्रसिद्ध आक्षेप त्याने स्वतःच ओढवून घेतला. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताच्या टीकेला १७९७ मध्ये उत्तर देताना त्याने लिहिलं, की मित्राचा खून करायला आलेला माणूस दारात उभा राहून ‘तो घरात आहे का?’ असं विचारत असेल, आणि उत्तर टाळणं शक्यच नसेल, तरी खोटं बोलू नये. त्याची कारणमीमांसा अशी: तुम्ही ‘नाही’ म्हणालात, मित्र तेवढ्यात मागच्या वाटेने बाहेर पडलेला असला, आणि परत फिरलेल्या खुन्याला तो रस्त्यात सापडला, तर त्याच्या मरणाचा दोष काही अंशी तुमच्यावर येतो. खरं बोलला असतात तर आला नसता.

मला हे पटत नाही आणि पटवून घ्यायचा प्रयत्नही मी सोडला आहे. माणसाला साधन बनवू नका म्हणणाऱ्या विचारवंताने इथे मित्राला नियमाच्या पावित्र्याचं साधन बनवलं आहे. कांटचे पुढचे अभ्यासक त्याच्याच ‘केवळ साधन नको’ या दुसऱ्या सूत्रावरून वेगळं उत्तर काढतात, आणि ते उत्तर मला जास्त कांटचं वाटतं. पण निवड करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की नियमावर नुसता विश्वास टाकला तर मोठ्यातला मोठा माणूसही इथवर येऊन पोचतो.

याच्या मुळाशी कर्तव्यांची टक्कर आहे. खरं बोलणं हेही कर्तव्य, जीव वाचवणं हेही. कांटच्या मते खरी कर्तव्यं कधी एकमेकांवर आदळत नाहीत. ज्याने कुणी आजारी माणसाची सेवा आणि नोकरी एकाच वेळी सांभाळली आहे, त्याला हे मान्य होणं कठीण. १९३० साली डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने वाट काढली: कर्तव्यं अनेक आहेत, त्यांतलं प्रत्येक प्रथमदर्शनी बांधतं, पण प्रसंगी दुसरं अधिक वजनदार ठरू शकतं. वचन पाळणं, केलेल्या नुकसानीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, स्वतःची सुधारणा आणि कुणाला इजा न करणं, अशी सात त्याने मोजली. ही यादी मला फार उपयोगी पडते, कारण आपण काय विसरतोय ते तिच्यामुळे कळतं. मात्र वजन कसं करायचं याचा काटा रॉस देत नाही, विचारी माणसाच्या तारतम्यावर सोडतो. म्हणजे ठामपणासाठी कर्तव्यनीतीकडे आलेल्याला शेवटी तारतम्यच मिळतं.

सार्वत्रिक नियमाची कसोटीही वाटते तितकी कडक नाही, हे मी त्याच उत्तरपत्रिकेवर शिकले. ‘मी या ओळखीच्या मुलाला दोन गुण देते’ हे तत्त्व सगळ्यांना लागू करता येत नाही. पण ‘दोन गुण कमी पडलेल्या प्रत्येकाला दोन गुण द्यावेत’ हे अगदी सहज करता येतं. मग उत्तीर्णतेची रेघ दोन गुणांनी खाली सरकते, आणि तिच्याखाली दोन गुणांवर पुन्हा कुणीतरी उभा असतो. तत्त्व कोणत्या शब्दांत मांडायचं हे आपल्याच हातात असतं. पळवाट शोधणारा ते सोयीचं मांडतो, आणि कसोटी त्याला पास करते.

मग आणखी एक अडचण, जी मला सगळ्यात अवघड वाटते. कुणावर अन्याय करू नये हे इतकं महत्त्वाचं असेल, तर मी एक अन्याय केल्याने तसेच पाच अन्याय टळत असतील तेव्हा तो का करू नये? बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये एक प्रसंग रचला होता. जिम नावाचा प्रवासी एका गावात पोचतो, तिथे २० कैद्यांना गोळ्या घालायची तयारी चालू आहे. अधिकारी म्हणतो, पाहुणा म्हणून तू एकाला मार, बाकीच्या १९ जणांना सोडतो. विल्यम्स परिणामवादाचा टीकाकार, पण जिमने गोळी झाडू नयेच असं तोही म्हणत नाही. त्याचा आक्षेप एवढाच, की परिणामवादाला हे उत्तर फार सोपं वाटतं. आपल्या हातून एक माणूस मरणं आणि दुसऱ्याच्या हातून मरणं, यातला फरक त्या मोजणीत दिसतच नाही. मला दोन्ही बाजूंचं दुखणं इथे सारखंच खरं वाटतं. हात स्वच्छ ठेवण्याच्या नादात १९ माणसं मरू देणं ही कर्तव्यनीतीची काळी बाजू आहे, आणि तिला बचाव नाही असं नाही, पण तो तोकडा पडतो.

कर्तव्य या शब्दाचं झालेलं सर्वात भीषण विडंबन १९६१ साली जेरुसलेमच्या न्यायालयात ऐकू आलं. लाखो ज्यूंना छळछावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था लावणाऱ्या अडॉल्फ आइकमन या नाझी अधिकाऱ्याने तिथे सांगितलं, की आपण आयुष्यभर कांटच्या नीतीप्रमाणे जगलो. निरपेक्ष आज्ञेचं सूत्र त्याला बऱ्यापैकी बरोबर सांगताही आलं. खटल्याचं वार्तांकन करणाऱ्या विचारवंत हॅना आरेंटने दाखवून दिलं, की त्याने आज्ञा देणाऱ्याची जागा बदलली होती. कांटकडे ती आज्ञा स्वतःच्या विवेकाची असते, याने तिथे नेत्याला, म्हणजे हिटलरला, बसवलं. म्हणून दोष कांटचा नाही. पण ‘मी फक्त माझं काम केलं’ म्हणणाऱ्याला कर्तव्याची भाषा किती पटकन हाताशी येते, हे विसरू नये. माझ्या ओळखीतल्या साध्यासुध्या, कुणाला न दुखावणाऱ्या माणसांनीही हे वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं आहे.

प्राण्यांच्या बाबतीत तर परिणामवाद सरळ पुढे आहे. कांटच्या मते प्राण्यांप्रति आपलं थेट कर्तव्य नाही. त्यांना छळू नये ते एवढ्यासाठी, की त्याने माणसांप्रतिचं मन निबर होतं. बेंथॅमने मात्र १७८९ मध्येच विचारलं होतं, की त्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येतं का हा प्रश्न नाही, त्यांना वेदना होतात का हा प्रश्न आहे.

एक पत्रव्यवहार

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण कर्तव्यनीतीचं थंडपण म्हणजे काय ते मला वादविवादांपेक्षा तिच्यातून कळलं.

१७९१ साली ऑस्ट्रियातल्या मारिया फॉन हर्बर्ट नावाच्या तरुणीने कांटला पत्र लिहिलं. ती त्याची पुस्तकं मनापासून वाचणारी होती. तिचं एका माणसावर प्रेम होतं. पूर्वीच्या एका प्रेमसंबंधाची गोष्ट तिने त्याच्यापासून लपवली होती, ती शेवटी खरंखरं सांगून टाकली, आणि त्याचं मन तिच्यापासून उतरलं. आयुष्य संपवावंसं वाटतं, पण तुमचं लिखाण मला तसं करू देत नाही, मला आधार द्या, असं तिने कळवळून लिहिलं होतं.

कांटने १७९२ मध्ये उत्तर पाठवलं. ते काळजीपूर्वक लिहिलेलं आहे. खोटं बोलणं आणि काही गोष्टी मनात ठेवणं यात फरक कसा करावा ते त्यात आहे. पश्चात्ताप नेमका कशाचा व्हायला हवा, लपवल्याचा की सांगून टाकल्याचा, तेही आहे. विचार म्हणून ते पत्र चांगलं आहे. पण ज्या बाईने हात पुढे केला होता, तिचा हात धरलेला त्यात दिसत नाही. १७९३ मध्ये तिने पुन्हा लिहिलं. आता नीतीने वागणं तिला मुळीच जड जात नव्हतं, कारण तिला काही हवंसंच वाटेनासं झालं होतं. मोहच नाही, तर मोहावर मात कसली करायची? सगळं रितं झालं होतं. या पत्राचं उत्तर तिला आलं नाही. कांटने तिची पत्रं ओळखीच्या एका तरुणीकडे धाडली, भरकटलेल्या कल्पनाशक्तीने काय होतं याचा इशारा म्हणून. मारियाने १८०३ साली आपलं आयुष्य संपवलं.

तिच्या मरणाला कांट जबाबदार होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधारही नाही. पण तिचं दुसरं पत्र वाचलं की कळतं, नियम एकही न मोडता माणूस आतून कोरडा पडू शकतो, आणि कर्तव्यनीतीकडे त्या कोरडेपणाला नाव नाही. तिची पत्रं तिसऱ्याकडे पाठवताना तिला विचारलंही गेलं नाही, हे तर त्याच्या स्वतःच्याच सूत्रात बसत नाही.

परिणामवादाचा हिशेब

इतकं वाचून परिणामवादाकडे वळावंसं वाटत असेल, तर त्याची हक्काची जागा कोणती ते आधी पाहू. अपुरी साधनं वाटायची असतात तिथे. लस आधी कुणाला, खाट कुणाला, निधी कोणत्या आजारासाठी, असे प्रश्न आले की ‘प्रत्येक माणूस स्वतःच साध्य आहे’ हे वाक्य खरं असूनही पुढे सरकू देत नाही, कारण रांगेतला प्रत्येक जणच साध्य आहे. तिथे मोजावं लागतं, आणि न मोजण्याने माणसं मरतात. १९८० मध्ये देवी रोगाचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, त्यामागे मोजणी होती: साथ कुठे आहे, कुणाला आधी टोचलं तर ती तिथल्या तिथे थांबेल. अशा कामात आकड्यांकडे पाठ फिरवणारा माणूस स्वतःला कितीही तत्त्वनिष्ठ समजो, त्याच्या तत्त्वाची किंमत दुसरे भरतात.

त्याची दुखरी जागाही तितकीच ठसठशीत आहे. पाच रुग्णांना पाच वेगळे अवयव हवेत, तपासणीला एक धडधाकट माणूस आला आहे, तर शल्यविशारदाने काय करावं? नुसती मोजणी भयानक उत्तर देते. परिणामवादी म्हणतात, असं होऊ लागलं तर रुग्णालयात कुणी पाऊलच ठेवणार नाही, म्हणून एकूण परिणाम वाईटच. पण कुणाला कळणारच नसेल तर? त्या माणसाला मारणं चूक आहे, याचं कारण ‘लोकांना कळेल’ हे असूच शकत नाही. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली मांडलेला ट्रॉलीचा पेच (सुटलेली गाडी पाच जणांवर जाऊ द्यायची की वळवून एकावर घालायची) याच मुद्द्याभोवती फिरतो, आणि तो इतक्या वेळा सांगितला गेला आहे की इथे सविस्तर सांगत नाही.

शिवाय परिणाम पुढे असतात आणि निर्णय आज घ्यायचा असतो. २००२ साली फ्रँकफर्टमध्ये ११ वर्षांच्या एका मुलाचं अपहरण झालं. संशयित पकडला गेला, पण मूल कुठे आहे ते सांगेना. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या हुकमावरून त्याला असह्य वेदना देण्याची धमकी दिली गेली. त्याने जागा सांगितली. मूल आधीच मेलेलं होतं. पुढे त्या अधिकाऱ्यालाही न्यायालयाने दोषी ठरवलं, पण हेतू पाहून शिक्षा नाममात्र ठेवली. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं, की ती धमकी म्हणजे अमानुष वागणूक होती आणि मुलाचा जीव वाचवण्याचा हेतू असला तरी तिला मुभा नाही. मी त्या अधिकाऱ्याच्या जागी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर द्यायला मला धीर होत नाही. पण तो कायदा मला मोडता येऊ नये, असंच मला वाटतं. मोडलाच, तर मला न्यायालयासमोर उभं राहावं लागावं.

मग धरायचं काय

तुमच्या हातात दुसऱ्यावर सत्ता असेल, म्हणजे तुम्ही परीक्षक, डॉक्टर, पोलीस, संशोधक, अधिकारी असाल, तर कर्तव्यनीती आधी धरा. कारण तुमच्या मोजणीत चूक झाली तर भोगणारा दुसरा असतो, आणि बहुतेक वेळा तो खोलीत हजरही नसतो. माझ्या गठ्ठ्यातली न ओळखलेली मुलं अशीच होती. ओळखीचा चेहरा मोजणीत आपसूक जड होतो. नियम हा त्या न दिसणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा एकमेव आवाज असतो.

वाटपाचं धोरण ठरवायचं असेल तर उलट करा. काय कधीच करायचं नाही ते दोन-चार ओळींत आधी लिहून ठेवा, फसवणूक नाही, संमतीशिवाय प्रयोग नाही, आणि उरलेल्या मोकळ्या मैदानात मनापासून मोजा. अमेरिकेत टस्कीगीनंतर १९७९ मध्ये संशोधनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं मांडली गेली, त्यात व्यक्तीचा आदर, हित साधणं आणि न्याय अशी तिन्ही आहेत. पहिलं कांटला मानवेल, दुसरं मिलला.

घरच्या, जिव्हाळ्याच्या माणसांच्या बाबतीत मात्र दोन्ही जपून वापरा. दवाखान्यात भेटायला आलेल्या मित्राने ‘मी कर्तव्य म्हणून आलो’ म्हटलं किंवा ‘एकूण सुख वाढेल म्हणून आलो’ म्हटलं, दोन्ही ऐकून खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करील.

आणि कर्तव्यांची टक्कर झालीच, तर मी स्वतः एक प्रश्न विचारते, जो कांटच्या दुसऱ्या सूत्रातून निघतो. ज्याच्यावर हा निर्णय पडणार आहे, त्याच्यासमोर बसून मला माझं खरं कारण उच्चारता येईल का? दारातल्या खुन्याला मी खोटं का बोलले हे मी लपवलेल्या मित्रासमोर आणि भर चौकात कुणासमोरही सांगू शकते. टस्कीगीतल्या डॉक्टरांना त्या ३९९ जणांसमोर त्यांचं कारण उच्चारता आलं नसतं. प्रत्येक पेच याने सुटत नाही. जिमला तर त्या २० जणांकडे पाहूनही उत्तर सापडणार नाही कदाचित. पण माझ्या रोजच्या कामात याने खूप निवाडे होतात.

त्या उत्तरपत्रिकेचं कारण मी त्या मुलासमोर उच्चारू शकले असते, असं मला तेव्हा वाटलं होतं. अर्धंच खरं होतं ते. ‘तुला देते तर सगळ्यांना द्यावे लागतील’ हे सांगता आलं असतं. पण ‘मग सगळ्यांसाठी काही का केलं नाहीस?’ असं त्याने विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या परीक्षेआधी मी सहकाऱ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला: रेघेच्या खाली तीन गुणांच्या आत असलेली प्रत्येक उत्तरपत्रिका, अक्षर ओळखीचं असो-नसो, दुसऱ्या परीक्षकाने पुन्हा तपासायची. थोड्या कुरबुरीनंतर तो मान्य झाला. पहिल्याच वर्षी माझ्या गठ्ठ्यातल्या दोन मुलांच्या बेरजा मी चुकवलेल्या निघाल्या. दोघंही पास होते.